नवं ऑफिस टाकताना वर्ड-एक्सेलच्या फायली कुणाच्या हवाली करायच्या?

नाइलाज_सचिव (धागाकर्ता), मंगळवार रात्री ९:४०

मंडळी, धागा काढायचं कारण असं की आमच्या सोसायटीच्या कचेरीत आज सकाळपासून माझ्या नावाने शिमगा चालू आहे.

झालं असं. कचेरीत एक जुना संगणक आहे, विंडोज ७ वाला. त्यावर बिल्डरच्या काळातलं २००७ चं ऑफिस आहे. काल रात्री मी त्यावर लिबरऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखंच, पण फुकट) टाकलं, पेनड्राइव्हवर पडलेली थोडी जुनी आवृत्ती. टाकताना 'टिपिकल' आणि 'कस्टम' असं विचारलं. आपण जाणकार, म्हणून 'कस्टम'. पुढे एक पान आलं: वर्डच्या फायली, एक्सेलच्या, पॉवरपॉइंटच्या, व्हिजिओच्या, आणि प्रत्येकासमोर रिकामा चौकोन. रिकामा चौकोन दिसला की त्यात टिचकी मारायची हा माझा जुना रोग. चारही भरले आणि घरी येऊन झोपलो.

आज सकाळी साडेसातला खजिनदार काकांचा फोन. "अहो, माझ्या सगळ्या फायली गेल्या!" धावत खाली गेलो तर डेस्कटॉपवर सगळं जागच्या जागी. फक्त हिरवा एक्स आणि निळा डब्ल्यू गेलेला, त्या जागी कोपरा दुमडलेला पांढरा कागद. काकांना चिन्ह ओळखीचं नाही म्हणून फाइल ओळखीची नाही. तोवर त्यांनी मेंटेनन्सचं पत्रक उघडून, बंद करताना आलेल्या प्रश्नाला काहीतरी उत्तर देऊन टाकलेलं. काय दिलं ते त्यांना आठवत नाही.

प्रश्न तीन:
एक, हे उलटं कसं फिरवायचं?
दोन, घरच्या नव्या लॅपटॉपवर (विंडोज ११) नवी आवृत्ती टाकली तर तिने असलं काही विचारलंच नाही. असं का?
तीन, मुळात ते चौकोन भरायचे की नाही?

---

पोटमाळा, मंगळवार रात्री ९:५२

काकांना सांगा की फायलींनी नुसते कपडे बदलले आहेत.

(जागा राखून ठेवतो, जाणकार येऊ देत.)

---

कळफलक, मंगळवार रात्री १०:३१

सचिव साहेब, आधी काकांना चहा पाजा. चिन्ह बदललं म्हणजे फाइल बदलली असं नसतं. फाइलच्या नावाला शेवटी शेपटी असते: डॉक, डॉकएक्स, एक्सएलएस, ओडीटी वगैरे. विंडोजकडे एक वही असते आणि त्यात लिहिलेलं असतं की अमुक शेपटी दिसली की तमुक प्रोग्रामला हाक मारायची. तुम्ही चौकोन भरलेत तेव्हा त्या वहीतल्या काही ओळी बदलल्या. चिन्हही त्याच वहीतून येतं. फायलीच्या आतल्या एका अक्षरालाही कुणी हात लावलेला नाही.

उलटं फिरवायला: एखाद्या एक्सेल फायलीवर उजवी टिचकी, 'ओपन विथ', 'चूज डीफॉल्ट प्रोग्राम', यादीतून एक्सेल निवडा, आणि खालचा 'या प्रकारच्या फायली नेहमी यातच उघडा' हा चौकोन भरा (हा भरायचा असतो!). एका फायलीवर केलं की त्या शेपटीच्या सगळ्या फायली परत येतील. मात्र एक्सएलएस आणि एक्सएलएसएक्स या दोन वेगळ्या शेपट्या आहेत, डॉक आणि डॉकएक्सही. म्हणजे चारदा करावं लागेल. लोक एकदा करतात आणि मग "निम्म्याच फायली परत आल्या" म्हणून पुन्हा फोन करतात.

शेपट्या दिसतच नसतील तर आधी त्या दाखवायला सांगा, विंडोज मुळात त्या लपवून ठेवतं. त्या दिसल्याशिवाय ही चर्चा अंधारात चालेल. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. विंडोज ७ पर्यंत कुठलाही इन्स्टॉलर त्या वहीत परस्पर लिहू शकत असे. त्यामुळे प्रत्येक नवा पाहुणा आल्या आल्या स्वतःचं नाव लिहून मोकळा व्हायचा, चित्रं बघायचा प्रोग्राम असो की गाणी वाजवायचा. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने हे बंद केलं. आता तुमची निवड रजिस्ट्रीत (त्या वहीचं खरं नाव) 'यूजरचॉइस' नावाच्या कप्प्यात राहते आणि तिच्यासोबत एक हॅश, म्हणजे सील असतं. दुसऱ्या प्रोग्रामने तिथे गुपचूप खाडाखोड केली तर सील जुळत नाही आणि विंडोज ती नोंद मानत नाही. विंडोज १० मध्ये 'अ‍ॅप डीफॉल्ट रीसेट झालं' असा निरोप कोपऱ्यात येतो तो बऱ्याचदा यातूनच. म्हणून नव्या विंडोजवर इन्स्टॉलरने विचारून उपयोगच नाही. नव्या लिबरऑफिसच्या 'ऑप्शन्स'मध्ये विंडोजच्या डीफॉल्ट अ‍ॅप्सकडे नेणारं बटण आहे. ते फक्त दारापर्यंत सोडतं, आत जाऊन निवडायचं तुम्हीच.

विंडोज ११ मध्ये: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स. वरच्या खोक्यात टिंब देऊन शेपटी टंका, खाली सध्याचा मालक दिसेल, त्यावर टिचकी मारून बदला. (शेपट्या इथे देवनागरीत लिहितोय, तिथे रोमनमध्येच टंका. मागे एका धाग्यावर एकाने खरंच '.डॉकएक्स' टंकून बघितलं होतं.)

---

मुक्तछंद, मंगळवार रात्री ११:०५

एवढा खटाटोप कशाला? चारही चौकोन भरले तेच बरोबर केलंत. २००७ चं ऑफिस काढून टाका. त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच बंद केला, सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. सगळ्या फायली ओडीएफमध्ये (लिबरऑफिसचा मूळ, खुला प्रकार; ओडीटी, ओडीएस या त्याच्याच शेपट्या) रूपांतरित करा. ओडीएफ २००६ पासून आयएसओ मानक आहे. ज्यांना अडचण आहे त्यांनी शिकावं.

---

हिशेबनीस, बुधवार सकाळी ७:१५

मुक्तछंद, तुमचं मानक वगैरे मान्य. पण सोसायटीचा ऑडिटर एक्सएलएस मागतो, त्याला ओडीएस पाठवलं तर तो "उघडत नाही" एवढंच कळवतो आणि तुमचं ऑडिट पुढच्या महिन्यावर जातं. "ज्यांना अडचण आहे त्यांनी" मध्ये तो येतो, आणि तो काही शिकणार नाही.

सचिव साहेब, इथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. फाइल कोण उघडतो हा एक प्रश्न, आणि ती कुठल्या प्रकारात साठवली जाते हा दुसरा. चौकोन फक्त पहिल्याचे होते. काकांनी ज्या प्रश्नाला उत्तर दिलं तो दुसऱ्याचा. लिबरऑफिसमध्ये एक्सेलची फाइल सेव्ह केली की ते विचारतं: आहे त्याच प्रकारात ठेवू, की ओडीएफमध्ये? काकांनी पहिलं बटण दाबलं असेल तर पत्रक एक्सएलएसच आहे, फक्त आता ते कॅल्कने (लिबरऑफिसमधलं एक्सेल) लिहिलेलं आहे. दुसरं दाबलं असेल तर शेजारी त्याच नावाची ओडीएस फाइल पडलेली असेल आणि मूळ पत्रक कालच्या स्थितीत शाबूत असेल. फोल्डर तारखेनुसार लावून बघा, लगेच कळेल.

नुकसान झालंच तर ते सेव्ह करताना होतं. नुसती उघडून बंद केलेली फाइल होती तशीच राहते. म्हणून माझा नियम: ज्या फाइलीत मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) आहेत ती एक्सेलकडेच. कॅल्क बरेचसे मॅक्रो चालवतं, पण सगळे नाही, आणि कुठला अडेल ते बिलं छापायच्या दिवशी कळतं. बाकी साधी बेरीज-वजाबाकी कुणाकडेही द्या.

---

नाइलाज_सचिव, बुधवार सकाळी ८:४०

हिशेबनीस, पायाचं तीर्थ द्या. शेजारी ओडीएस फाइल पडलेली आहे! मूळ पत्रक परवाच्या तारखेचं, शाबूत. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

अजून एक सापडलं. त्याच फोल्डरमध्ये 'लॉक' असं काहीतरी नाव असलेली एक फाइल होती, काकांनी ती व्हायरस समजून उडवली. चालेल का?

---

कळफलक, बुधवार सकाळी ९:०२

चालेल. फाइल उघडी असताना लिबरऑफिस ती पाटी लावतं, दुसरा कुणी तीच फाइल उघडू लागला तर त्याला कळावं म्हणून. बंद केल्यावर ती आपोआप जाते. मध्येच वीज गेली की मागे राहते. वर्डही असली पाटी लावतं, पण ती लपवून ठेवतं.

---

शाईपेन, बुधवार दुपारी १:२०

माझं डीटीपीचं काम आहे, सांगलीत. पत्रिका, अहवाल, शाळांच्या स्मरणिका. या प्रश्नाची मराठी बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि मजकूर बिघडला." दहातल्या आठ वेळा दोष उघडणाऱ्याचा नसतो, फॉन्टचा असतो.

पहिला प्रकार जुन्या फायलींचा. श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आत रोमन अक्षरं आणि चिन्हं म्हणूनच साठवलेला असतो, वर फॉन्ट देवनागरीचं कातडं चढवतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल वर्डमध्ये उघडा, रायटरमध्ये (लिबरऑफिसमधलं वर्ड) उघडा, खिचडीच दिसणार. असल्या फायली ज्या मशीनवर फॉन्ट आहे तिथेच उघडाव्यात आणि पुढे द्यायच्या तर पीडीएफ करून.

दुसरा प्रकार जास्त फसवा. मजकूर युनिकोड आहे, मंगल फॉन्टमध्ये आहे, वाचताही येतो, पण एका पानाचं पत्र दोन पानांवर गेलं आणि सहीच्या जागा दुसऱ्या पानावर एकट्या पडल्या. कारण मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून प्रत्येक मशीनवर असतोच असं नाही. देवनागरीच्या पूरक फॉन्टांमध्ये तो गेला आहे, कोकिळा, अपराजिता, उत्साह यांच्यासोबत. भाषांमध्ये हिंदी किंवा मराठी जोडली नसेल तर तो आलेलाच नसतो. मग निर्मला किंवा दुसरा कुणी त्याच्या जागी बसतो, ओळींची उंची बदलते आणि पान पुढे सरकतं. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून ते पूरक फॉन्ट घालून घ्या, मग ठरवा रायटर वाईट की चांगलं.

आणि रायटरमधली एक गंमत, जिच्यावर मी पहिल्या आठवड्यात रडकुंडीला आले होते. मजकूर निवडून फॉन्टचा आकार बदलायला कॅरेक्टरचा डबा उघडला, १२ चे १४ केले, आणि मराठीवर काही परिणामच नाही! रायटरमध्ये पाश्चात्त्य लिपीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा असतो, त्याला ते 'सीटीएल' म्हणतात. त्या डब्यात दोघांचे आकारही वेगळे. तुम्ही वरचा बदलत बसता आणि मराठी खालच्यावर चालत असते. सीटीएलचा भाग दिसतच नसेल तर 'ऑप्शन्स'मधल्या भाषांच्या पानावर तो सुरू करायचा चौकोन आहे. सचिव साहेब, हा चौकोन मात्र भराच.

---

उंबरठा, बुधवार दुपारी ३:४५

शाईपेन ताई, हा सीटीएलचा खुलासा माझ्या दोन वर्षांच्या शिव्या वाचवू शकला असता. शाळेत प्रश्नपत्रिका काढताना गणिताचे आकडे मोठे आणि मराठी बारीक का येतंय ते आज कळलं.

भाबडा प्रश्न: फाइलचं नाव बदलून शेवटी ओडीटी लिहिलं की ती ओडीटी होते ना?

---

कळफलक, बुधवार दुपारी ४:१०

नाही. बरणीवरची चिठ्ठी बदलून लोणच्याचा मुरंबा होत नाही. डॉकएक्स आणि ओडीटी दोन्ही प्रत्यक्षात झिप आहेत. हवं तर प्रतीची शेपटी झिप करून उघडून बघा. डॉकएक्समध्ये 'वर्ड' नावाचं फोल्डर सापडेल, ओडीटीमध्ये 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाइल. दोघांची आतली मांडणीच निराळी. बदलायचं तर उघडून 'सेव्ह अ‍ॅज' करा.

---

राइनकाठ, बुधवार रात्री ११:५०

इकडे जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की सरकारी कचेऱ्यांतले सुमारे ३०,००० संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिबरऑफिसवर नेणार. मुक्तछंद खूश होतील. पण म्युनिकची आठवणही ठेवावी. त्या शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, बरीच वर्षं चालवलं, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा निर्णय घेतला.

अवांतर: युरोपात विकलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१० पहिल्यांदा उघडलं की स्वतःच विचारायचं, फायली कुठल्या प्रकारात साठवू, आमच्या की ओडीएफ? माझ्या पहिल्या नोकरीत हा प्रश्न आला तेव्हा मी न वाचता दुसरं बटण दाबलं, आणि पुढचे तीन दिवस साहेबांना ओडीटी पाठवत होतो. त्यामुळे सचिव साहेब, तुमचा रोग सर्वदूर आहे.

---

मुक्तछंद, गुरुवार सकाळी ६:५५

म्युनिकचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. तिथे राजकारण किती आणि तंत्र किती यावर वेगळा धागा काढू.

पण हिशेबनीसांचा ऑडिटरचा मुद्दा मानतो. माझ्याकडेही शेवटी 'ऑप्शन्स'मधल्या 'लोड अँड सेव्ह'मध्ये जाऊन स्प्रेडशीटपुढे 'नेहमी एक्सेल प्रकारात साठवा' असंच लावलेलं आहे. ओळखीच्या लोकांना सांगू नका.

---

पोटमाळा, गुरुवार सकाळी ७:०३

सांगितलं.

---

हिशेबनीस, गुरुवार सकाळी ९:३०

एक शेपटी राहिली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची: सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साध्या मजकुराची फाइल. बँकेचं स्टेटमेंट, ऑनलाइन फॉर्ममधून उतरवलेली यादी, सगळं यात येतं.

आमच्या सोसायटीत सभासदांची यादी फॉर्मवर भरून घेतली होती. मी सीएसव्ही उतरवली, दोनदा टिचकी मारली, एक्सेलने उघडली. नावांच्या जागी काय, तर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, शेजारी चार पायांचं गोल चलनचिन्ह, पुन्हा ए, पुन्हा चलनचिन्ह. ओळीच्या ओळी. मजकूर युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये होता, पण तसं सांगणारी खूण फायलीच्या तोंडाशी नव्हती, म्हणून एक्सेलने तो जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचला. ते एक वेळ दिसतं तरी. न दिसणारं वाईट. फ्लॅट क्रमांक ३-४ चा झाला '०३-एप्रिल'. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळाली. मी तशीच सेव्ह केली आणि मग ती शून्यं फायलीतूनच गेली.

कॅल्कमध्ये तीच फाइल उघडली की आधी एक खिडकी येते: लिपीचा संच कुठला, रकाने कशाने तोडायचे, आणि खाली नमुना. तिथे यूटीएफ-८ निवडा, नमुन्यात मराठी नीट दिसली की पुढे जा. खाते क्रमांकाच्या रकान्यावर टिचकी मारून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा, शून्यं जागेवर राहतात. फ्लॅटच्या रकान्यालाही तेच. एक्सेलमध्येही 'डेटा' या टॅबमधून फाइल आत घेतली तर हे सगळं करता येतं, पण दोनदा टिचकी मारणारा माणूस तिथपर्यंत जात नाही.

म्हणून माझ्याकडे सगळं एक्सेलचं एक्सेलकडे आहे, आणि सीएसव्ही तेवढी कॅल्ककडे.

---

शाईपेन, गुरुवार सकाळी १०:१०

हिशेबनीस, +१. हे मी आजच करते.

पीडीएफवर मात्र नजर ठेवा. लिबरऑफिसचं ड्रॉ पीडीएफ उघडू शकतं, पण ते वाचायला नाही, किरकोळ दुरुस्तीला. एका गिऱ्हाइकाच्या लिनक्स मशीनवर पीडीएफचा मालक ड्रॉ होऊन बसला होता आणि माणूस मला सांगत होता की पत्रिकेतली अक्षरं हलतात.

---

कळफलक, गुरुवार दुपारी १२:२५

ज्यांच्याकडे पाच-दहा मशीन आहेत (उंबरठा, तुमची शाळा) त्यांच्यासाठी: विंडोज १० किंवा ११ असलेलं एक मशीन मनासारखं लावा. मग डिझम या आज्ञेने त्या वहीची एक्सएमएल प्रत काढता येते आणि बाकीच्या मशीनवर तीच आत घेता येते. पण ती नव्याने तयार होणाऱ्या खात्यांनाच लागू होते. आधीपासून वापरात असलेल्या खात्यांची निवड तशीच राहते. हे न वाचता लोक दहा मशीन फिरतात आणि मग मला फोन करतात.

लिनक्सवर वही साध्या मजकुराची असते, 'माइमअ‍ॅप्स' नावाची. मॅकवर फायलीची 'गेट इन्फो' उघडा, 'ओपन विथ' बदला, आणि खालचं 'चेंज ऑल' दाबायला विसरू नका.

---

नाइलाज_सचिव, शुक्रवार रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहितो, कुणाला उपयोग होईल.

कचेरीतल्या मशीनवर चारही शेपट्या परत २००७ च्या ऑफिसकडे दिल्या. काका मार्चपर्यंत खजिनदार आहेत, तोवर हिरवा एक्स हलवायची माझी छाती नाही. मात्र मुक्तछंद म्हणतात ते खरं आहे, आधार संपलेलं सॉफ्टवेअर आणि आधार संपलेलं विंडोज. म्हणून त्या मशीनची इंटरनेटची वायर काढली. ऑडिटरला फायली आता माझ्या लॅपटॉपवरून जातात.

लॅपटॉपसोबत एक ऑफिस महिनाभराच्या चाचणीवर आलं होतं. महिना संपला, आता ते फायली नुसत्या दाखवतं, हात लावू देत नाही. डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स तिथे रायटर-कॅल्ककडे दिले, पण साठवायचा प्रकार वर्ड-एक्सेलचाच ठेवला. सीएसव्ही कॅल्ककडे. मंगल घातला, आणि सर्वसाधारण सभेची नोटीस परत एका पानात आली.

मेंटेनन्सच्या पत्रकात एक मॅक्रो निघाला, थकबाकीवरचं व्याज काढणारा. कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नाही. त्याला मी हात लावलेला नाही.

---

हिशेबनीस, शुक्रवार रात्री ९:३२

व्याज किती टक्क्यांनी काढतो ते तेवढं बघून घ्या.

---

नाइलाज_सचिव, शुक्रवार रात्री १०:०५

बघितलं. उपविधीत कमाल २१ टक्के आहेत, हा २४ ने काढतोय. दुसरा धागा काढतो.